रडारचा ठिपका आणि टक्करीचे गणित

समुद्र विस्तीर्ण आहे, आणि तरीही समुद्रावर नौकांची टक्कर होते, ही गोष्ट किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या माणसास नवलाची वाटते. रस्ता अरुंद असतो, म्हणून गाड्या एकमेकींवर आदळतात. पण जेथे चहूकडे पाणीच पाणी आहे, तेथे दोन नौकांनी नेमके एकाच क्षणी एकाच जागी का यावे? ह्याचे उत्तर असे, की समुद्र मोकळा असला तरी त्यावरील वाहतूक मोकळी नसते. मालवाहू जहाजे बंदराबंदरांतील सर्वांत जवळचा सोयीचा मार्ग धरतात. मासळीही ठराविक खोलीच्या पाण्यात अधिक मिळते. मुंबईहून कोचीकडे जाणारा जहाजांचा मार्ग आणि रत्नागिरी, मालवण, कारवार, मंगळूर येथील नौकांची मासेमारीची क्षेत्रे अनेक ठिकाणी एकमेकांस छेदतात. जेथे ती छेदतात, तेथे धोका असतो.

१३ एप्रिल २०२१ रोजी पहाटेच्या अंधारात मंगळूरच्या किनाऱ्यापासून सुमारे ४० सागरी मैलांवर 'रबाह' ही मासेमारी नौका आणि 'ए. पी. एल. ल हाव्र' हे सिंगापूरचा ध्वज लावणारे मालवाहू जहाज ह्यांची टक्कर झाली. नौका केरळातील बेपूरहून निघाली होती व तिच्यावर १४ माणसे होती. त्यांतील दोघेच जिवंत हाती लागले. त्यापूर्वी १ मार्च २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्याजवळ 'प्रभू दया' ह्या जहाजाच्या धडकेने 'डॉन-१' ही नौका बुडून पाच मच्छीमार मृत्यू पावले होते. अशा टकरींत मोठ्या जहाजाच्या पोलादास क्वचित ओरखडा उठतो. लहान नौकेचे मात्र तुकडे होतात. म्हणून टक्कर टाळण्याची विद्या ज्यांस सर्वांत अधिक हवी, ते लहान नौकांवरील तांडेल व खलाशी होत.

ह्या विद्येचे मुख्य साधन रडार. परंतु रडारच्या पडद्यावर एक ठिपका दिसला, म्हणजे धोका कळला असे नाही. ठिपका 'आहे' एवढेच एका दर्शनाने कळते. तो आपल्यावर येणार की बाजूने निघून जाणार, हे कळण्यासाठी तो पुनःपुन्हा पाहावा लागतो, त्याच्या जागांची नोंद ठेवावी लागते आणि त्या नोंदींतून त्याची पुढची वाट काढावी लागते. ह्या क्रियेस 'लक्ष्याचा मागोवा' असे म्हणतात. त्या मागोव्यामागील गणित कसे आहे आणि लहान नौकेवर ते अवघड का होते, हे ह्या पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

एका जुन्या कल्पनेची अपुरी बाजू

रडारचा जन्म युद्धात झाला, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. रेडिओच्या लहरी धातूवरून परततात, ह्या गुणाचा उपयोग करून जहाजांची टक्कर टाळता येईल, ही कल्पना जर्मनीतील ख्रिस्तियान ह्युल्समायर ह्या तरुण अभियंत्याने १९०४ मध्येच प्रत्यक्षात आणली होती. त्या वर्षीच्या मे महिन्यात कोलोन येथे ऱ्हाईन नदीवरील पुलाजवळ त्याने आपले यंत्र लोकांना दाखविले. समोरून जहाज आले की यंत्रातील घंटा वाजे. त्याने एकस्व मिळविले, परंतु नौकानयन कंपन्यांनी यंत्र विकत घेतले नाही.

ह्युल्समायरच्या यंत्राने समोर जहाज असल्याचे कळे. ते किती दूर आहे, हे सरळपणे कळत नसे. अंतर मोजण्याची युक्ती पुढे आली, ती अशी : रेडिओलहरींचा अत्यंत अल्पकाळ टिकणारा स्पंद पाठवावयाचा आणि त्याचा प्रतिध्वनी परत येईपर्यंतचा वेळ मोजावयाचा. ह्या लहरी सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. तेवढे अंतर जाऊन परत येण्यास लहरीस सुमारे १२.४ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लक्षांश भागाच्या बारापट वेळ लागतो. सहा मैलांवरील जहाजाचा प्रतिध्वनी ७४ मायक्रोसेकंदांनी परततो. अँटेना गोल फिरत असते. ज्या क्षणी प्रतिध्वनी आला त्या क्षणी तिचे तोंड जिकडे होते, ती लक्ष्याची दिशा. अशा रीतीने अंतर आणि दिशा ह्या दोन गोष्टी मिळतात. लहान नौकांवरील रडारमध्ये बहुधा सुमारे ३ सेंटिमीटर लांबीच्या लहरी वापरतात व अँटेना मिनिटास साधारण २४ फेरे घेते, म्हणजे दर अडीच सेकंदांनी समुद्राचे एक नवे चित्र तयार होते.

समुद्रापासून दूर असलेले शहर

ज्या शहरात भारतीय रडारविद्या वाढली, ते शहर समुद्रापासून दूर आहे. बंगळूर समुद्रसपाटीहून सुमारे ९०० मीटर उंच पठारावर वसले आहे. तेथे १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स हा सरकारी कारखाना निघाला आणि १९५८ मध्ये संरक्षण खात्याची रडारसंशोधन संस्था स्थापन झाली. एलआरडीई ह्या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी ही संस्था शहराच्या पूर्व भागात, सी. व्ही. रामन नगरात आहे, के. आर. पुरम म्हणजेच कृष्णराजपुरम ही वस्ती तेथून जवळच आहे. 'इंद्र', 'राजेंद्र' ही ह्या संस्थेत घडलेली रडारे विमानांसाठी होती, नौकांसाठी नव्हती. परंतु आकाशातील विमान असो की पाण्यावरील जहाज, प्रत्येक फेऱ्यात मिळणारे सुटे ठिपके जोडून त्यांतून एकेका लक्ष्याची वाट काढणे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर भारताच्या किनाऱ्यावर व बेटांवर पहारा ठेवण्यासाठी तटरक्षक दलाने पहिल्या टप्प्यात ४६ रडार-स्थानकांची जी साखळी उभारली, तिचे कामही भारत इलेक्ट्रॉनिक्सकडेच होते.

टक्करीच्या गणिताचे मूळ तत्त्व समजण्यासाठी मात्र रडार लागत नाही, के. आर. पुरमचा चौकही पुरेसा आहे. जुना मद्रास रस्ता आणि शहराभोवतीचा वर्तुळमार्ग येथे एकमेकांस मिळतात. तेथील झुलत्या पुलाच्या परिसरात वाहनांची अखंड वर्दळ असते. अशा दोन रस्त्यांवरून दोन मोटारी स्थिर वेगाने चौकाकडे येत आहेत असे समजा. पहिल्या मोटारीतील उतारू खिडकीतून दुसरीकडे पाहत आहे. दुसरी मोटार खिडकीच्या चौकटीत हळूहळू मागे सरकू लागली, तर ती चौकात आपल्यामागून येईल. ती पुढे सरकू लागली, तर आपल्याआधी चौक ओलांडील. परंतु ती चौकटीतील एकाच जागी खिळून राहिली आणि केवळ मोठी मोठी दिसू लागली, तर दोन्ही मोटारी एकाच क्षणी चौकात पोहोचणार हे निश्चित. दिशा बदलत नाही आणि अंतर घटते आहे : धोक्याचे लक्षण ते हेच. दर्यावर्दी लोक ही खूण रडारच्या आधीपासून होकायंत्राने पाहत आले आहेत. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतही तिला स्थान आहे.

तीन टिंबांचे गणित

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. हर्णैची एक यांत्रिक नौका रात्री सरळ पश्चिमेकडे ताशी ६ मैल, म्हणजे ६ नॉट वेगाने चालली आहे. वायव्येच्या बाजूस रडारवर दोन जहाजांचे ठिपके दिसतात. दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे अंशांत मोजावयाची आहे. तांडेलाने दर सहा मिनिटांनी नोंद केली, ती अशी :

पहिले जहाज – १० वाजता ३३३ अंश, ६.७ मैल, १० वाजून ६ मिनिटांनी ३३३ अंश, ५.४ मैल, १० वाजून १२ मिनिटांनी ३३३ अंश, ४.० मैल.

दुसरे जहाज – १० वाजता ३४७ अंश, ६.२ मैल, १० वाजून ६ मिनिटांनी ३५१ अंश, ४.९ मैल, १० वाजून १२ मिनिटांनी ३५८ अंश, ३.६ मैल.

नुसती अंतरे पाहिली तर दुसरे जहाज अधिक भयंकर वाटते, कारण ते अधिक जवळ आहे. दिशांकडे लक्ष दिले की चित्र उलटते. कागदाच्या मध्यावर आपली नौका मांडून प्रत्येक जहाजाची तीन टिंबे काढावी व त्यांतून रेषा ओढावी. दुसऱ्या जहाजाची रेषा वाढविली असता ती मध्यापासून दीड मैल दुरून, नौकेच्या पिछाडीकडून जाते. रेषेवरील मध्याला सर्वांत जवळ असलेल्या ह्या जागेस 'निकटतम बिंदू' म्हणतात. तेथे ते जहाज शेवटच्या नोंदीपासून १५ मिनिटांनी येईल. पहिल्या जहाजाची रेषा मात्र थेट मध्यातून जाते. त्याचे निकटतम अंतर शून्य आहे. सहा मिनिटांत ते १.३ मैलांहून थोडे अधिक जवळ येते. तेव्हा उरलेले चार मैल संपण्यास १८ मिनिटे लागतील. किती जवळून जाणार आणि केव्हा, ह्या दोन आकड्यांत तांडेलास हवे असलेले सारे ज्ञान आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. कागदावरील रेषा ही त्या जहाजाची समुद्रावरील खरी वाट नव्हे. चालत्या आगगाडीतून पाहणाऱ्याला झाडे मागे पळताना दिसतात, तशी ही सापेक्ष वाट आहे. त्या जहाजाचा वेग आणि आपला वेग ह्यांच्या वजाबाकीतून ती निघते. उदाहरणातील दोन्ही जहाजे खरे पाहता १२ नॉटने सरळ दक्षिणेकडे जात आहेत. तरी आपल्या पडद्यावर ती आग्नेयेकडे तिरपी सरकताना दिसतात. आपण वेग किंवा दिशा बदलली की ही सापेक्ष वाटही तत्क्षणी बदलते. टक्कर टाळता येते ती ह्यामुळेच.

उदाहरणातील तांडेलाने काय करावे? पहिले जहाज त्याच्या नाळेपासून उजवीकडे ६३ अंशांवर आहे. दोन यांत्रिक नौकांच्या वाटा छेदत असतील, तर जिला दुसरी नौका आपल्या उजव्या हाती दिसते तिने वाट द्यावी, असा नियम आहे. प्रत्यक्ष जाळी ओढत असलेल्या नौकेस काही वेगळे हक्क मिळतात. परंतु ही नौका केवळ प्रवास करीत आहे, म्हणून वाट तिनेच दिली पाहिजे. तिने १० वाजून १२ मिनिटांनी यंत्र थांबविले, तर ते जहाज पुढून, १.८ मैल अंतरावरून सरळ दक्षिणेस निघून जाईल. वेग निम्मा केला, तर हे अंतर ०.९ मैलाइतकेच मिळेल. म्हणजे उपाय जितका ठसठशीत, तितका बचाव मोठा. शिवाय ठसठशीत बदल समोरच्याच्या रडारवरही चटकन लक्षात येतो; थोडा थोडा केलेला बदल त्याच्या ध्यानातच येत नाही. म्हणून कृती वेळेवर, पुरेशी आणि स्पष्ट असावी, असे नियम सांगतात.

दिसूनही न कळलेला धोका

ठिपका पाहणे आणि त्याचा मागोवा घेणे ह्यांतील भेद किती महागात पडतो, हे २५ जुलै १९५६ च्या रात्री दिसून आले. अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ नँटकेट बेटाच्या दक्षिणेस इटलीचे 'आंद्रेआ दोरिआ' आणि स्वीडनचे 'स्टॉकहोम' ही प्रवासी जहाजे एकमेकांस सामोरी येत होती. दोहोंवर रडार होते आणि कित्येक मैलांवरून दोघांनीही एकमेकांचा ठिपका पाहिला होता. इटालियन जहाज धुक्यात होते. आपण उजव्या बाजूने पार होणार असे त्यावरील अधिकाऱ्यांस वाटले. दुसऱ्या जहाजावरील अधिकाऱ्यास आपण डाव्या बाजूने पार होणार असे वाटले. ठिपक्याच्या जागांची पद्धतशीर आखणी 'आंद्रेआ दोरिआ'वर केली गेली नव्हती. शेवटच्या क्षणी दोघांनीही वळण घेतले, ते टकरीच्याच दिशेने. ५१ माणसे मृत्युमुखी पडली.

त्यानंतरच्या काळात ठिपक्यांची आखणी करण्याचे काम गणकयंत्राकडे सोपविण्याचे प्रयत्न झाले आणि मोठ्या जहाजांवर अशी यंत्रे सक्तीची झाली. तरीही यंत्र बसविले म्हणजे टकरी संपल्या, असे झाले नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी भर दिवसा, मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एम. एस. सी. चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही जहाजे एकमेकांवर आदळली. शेकडो पेट्या समुद्रात पडल्या आणि तेलाचा तवंग किनाऱ्याला लागला. यंत्र आकडे देते. ते आकडे वाचून वेळेत कृती करण्याचे काम माणसाकडेच राहते.

यंत्र मागोवा कसा घेते

आता लहान नौकांच्या रडारमध्येही स्वयंचलित मागोवा घेण्याची सोय मिळते. तिची कार्यपद्धती तीन शब्दांत सांगता येईल : अंदाज, शोध आणि दुरुस्ती.

लक्ष्याची आतापर्यंतची जागा व वेग ह्यांवरून पुढच्या फेऱ्यात ते कोठे असेल, ह्याचा यंत्र प्रथम अंदाज बांधते. नंतर त्या अंदाजित जागेभोवती एक लहानसे कुंपण कल्पून त्यात प्रतिध्वनी सापडतो का, ते पाहते. सापडल्यास अंदाज आणि प्रत्यक्ष जागा ह्यांतील फरकाच्या काही अंशाने आपल्या नोंदीत दुरुस्ती करते. पुढच्या फेऱ्यात पुन्हा हेच.

फरकाच्या 'काही अंशाने' असे का? सारा फरक एकदम का स्वीकारू नये? ह्याचे कारण आकड्यांत दिसते. उदाहरणातील पहिले जहाज आपल्याकडे ताशी १३.४ मैलांनी येते आहे. अडीच सेकंदांच्या एका फेऱ्यात ते सुमारे १७ मीटरच सरकते. दिशा मोजण्यात रडारची केवळ एका अंशाची चूक झाली, तर चार मैलांवर ठिपका १३० मीटर बाजूस पडतो. चूक हालचालीच्या सातपटीहून मोठी! अशा स्थितीत प्रत्येक नव्या ठिपक्यावर पूर्ण विश्वास ठेवला, तर जहाज वेड्यासारखे इकडेतिकडे उड्या मारते आहे असे वाटेल. म्हणून यंत्र नव्या ठिपक्याचे थोडेच ऐकते आणि जुन्या अनुभवास अधिक मान देते. अनेक फेऱ्यांत उलटसुलट चुका एकमेकींस खोडून काढतात आणि खरी वाट वर येते. जहाजांवरील अशा यंत्रांसाठी जी आंतरराष्ट्रीय मानके आहेत, त्यांनुसार एका मिनिटात हालचालीचा कल आणि तीन मिनिटांत विश्वसनीय अंदाज मिळावा लागतो. तीन मिनिटे म्हणजे ७२ फेरे.

ह्या सावधपणाची किंमतही आहे. समोरच्या जहाजाने अचानक वळण घेतले, तर जुन्या अनुभवास चिकटलेले यंत्र काही काळ जुनीच दिशा दाखवीत राहते. उलट ते नव्या ठिपक्यांवर अधिक भर देणारे केले, तर वळण लवकर ओळखते, पण सरळ जाणाऱ्या जहाजाविषयीही डळमळीत आकडे देते. दोहोंतील मध्यममार्ग निवडणे, हे रडार-अभियंत्याचे नित्याचे काम आहे. दुसरी अडचण अशी, की दोन लक्ष्ये अगदी जवळून गेली तर एकाचे कुंपण दुसऱ्याच्या प्रतिध्वनीवर जाऊन बसते. मोठ्या जहाजाजवळून जाणाऱ्या लहान होडीच्या नोंदीची अशी अदलाबदल झाली, तर पडद्यावरील आकडे नीटनेटके दिसतात, पण ते भलत्याच लक्ष्याचे असतात.

नव्या रडारांत परतलेल्या लहरीच्या कंपनसंख्येतील फरकही मोजतात. दहा नॉटने थेट जवळ येणाऱ्या जहाजाच्या प्रतिध्वनीची कंपनसंख्या सेकंदास सुमारे ३२० कंपनांनी वाढते. ह्यास डॉप्लर परिणाम म्हणतात. त्याच्या आधारे जवळ येणारे लक्ष्य पडद्यावर निराळ्या रंगात दाखविता येते. परंतु 'जवळ येते आहे' आणि 'टक्कर होणार आहे' ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. आपल्या उदाहरणातील दुसरे जहाजही जवळच येत होते.

लहान नौकेच्या अडचणी

मोठ्या जहाजावर जे यंत्र समाधानकारक चालते, ते लहान नौकेवर अडखळते. ह्याची कारणे चार आहेत.

पहिले कारण उंचीचे. रडारच्या लहरी जवळजवळ सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. चार मीटर उंचीवरील अँटेनेचे क्षितिज साधारण साडेचार मैलांवर असते. पंचवीस मीटर उंच जहाजाचा माथा तिला पंधरा मैलांवरून दिसू शकतो; पण दोन मीटर उंचीची दुसरी होडी फार तर सात-साडेसात मैलांवरून.

दुसरे कारण अँटेनेच्या आकाराचे. अँटेना जितकी रुंद, तितका तिचा झोत अरुंद. पाऊण-एक हात रुंदीच्या अँटेनेचा झोत सुमारे पाच अंश पसरतो. चार मैलांवर त्याची रुंदी जवळजवळ ६५० मीटर होते. तेवढ्यात शेजारी शेजारी असलेल्या दोन नौका एकच ठिपका होऊन दिसतात.

तिसरे कारण सर्वांत त्रासदायक आहे. रडार दिशा मोजते ती नौकेच्या नाळेपासून. लाटांवर लहान नौकेची नाळ सरळ राहत नाही. ती पाच-दहा अंश डावी-उजवीकडे डोलत असते. नाळ दहा अंश वळली की सारे समुद्रचित्र दहा अंश फिरते. मघाचे उदाहरण आठवावे. सुरक्षित जहाजाची दिशा पहिल्या सहा मिनिटांत केवळ चार अंशांनी बदलली होती. ज्या चार अंशांवर जीव अवलंबून, ते दहा अंशांच्या डोलण्यात बुडून जातात. म्हणून रडारला नाळेची खरी दिशा क्षणोक्षणी कळविणारे जलद होकायंत्र जोडावे लागते. ते नसेल, अथवा मंद असेल, तर स्वयंचलित मागोव्याचे आकडे विश्वासार्ह राहत नाहीत. लहान नौकेसाठी रडार विकत घेताना अँटेनेची चौकशी सारे करतात. होकायंत्राची चौकशी मात्र पुष्कळदा राहून जाते.

चौथे कारण लाटा आणि पाऊस. नौकेभोवतीच्या लाटांवरूनही प्रतिध्वनी येतात आणि पडद्याचा मध्यभाग ठिपक्यांनी भरून जातो. ते पुसण्यासाठी जवळच्या प्रतिध्वनींची तीव्रता कमी करण्याची कळ असते. ती अधिक फिरविली, तर लाटांबरोबर लाकडी होडीही पुसली जाते. नारळी पौर्णिमेनंतर, खवळलेला समुद्र पुरता निवळण्यापूर्वी ज्या नौका बाहेर पडतात, त्यांस ही अडचण विशेष भासते.

आपण दुसऱ्यास दिसावे कसे

आतापर्यंत लहान नौकेने दुसऱ्यास कसे पाहावे, ह्याचा विचार केला. दुसऱ्याने आपणास पाहावे, ही बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. लाकूड आणि काचतंतूंचे प्लॅस्टिक ह्यांतून रडारच्या लहरी बऱ्याच अंशी आरपार जातात. फारच थोड्या परततात. मोठ्या जहाजावरील उत्तम रडारलाही अशी नौका लाटांतून वेगळी काढता येत नाही.

ह्यावर स्वस्त आणि वीज न लागणारा उपाय म्हणजे रडार-परावर्तक. धातूचे तीन पत्रे खोलीच्या कोपऱ्यातील दोन भिंती व जमीन ह्यांप्रमाणे एकमेकांशी काटकोनात जोडले, की त्या कोपऱ्यात शिरलेली लहर आपटत आपटत आल्या वाटेनेच परत जाते. ३० सेंटिमीटर बाजूचा असा त्रिकोणी कोपरा ३ सेंटिमीटरच्या लहरींना सुमारे ३० चौरस मीटर परावर्तनक्षेत्राएवढा भासतो. पण बाजू निम्मी केली, तर परिणाम निम्मा न होता सोळावा हिस्सा होतो. आणि पत्रे काटकोनातून थोडे जरी वाकले, तरी गुण नाहीसा होतो. म्हणून परावर्तक मोठा, ताठ आणि डोलकाठीवर उंच बांधलेला असावा.

दुसरा उपाय स्वयंचलित ओळखप्रणालीचा. तीत प्रत्येक नौका आपले नाव, जागा, वेग व दिशा रेडिओने आपण होऊन जाहीर करते. ही माहिती रडारपेक्षा अचूक असते आणि डोंगराआडची नौकाही तीत कळू शकते. परंतु जिच्यावर यंत्र नाही किंवा जिचे यंत्र बंद आहे, ती नौका ह्या प्रणालीत अस्तित्वातच नसते. रडारला समोरच्याची संमती लागत नाही. ओंडका असो, बोया असो वा दिवे मालवलेली होडी, प्रतिध्वनी आला की ती दिसते. म्हणून ही दोन साधने एकमेकांची जागा घेत नाहीत. ती एकमेकांस पूरक आहेत.

डोळे, कान आणि यंत्र

१९७२ चे नियम १५ जुलै १९७७ पासून जगभर लागू आहेत. त्यांत रडारविषयी एक मार्मिक सूचना आहे : अपुऱ्या माहितीवरून, विशेषतः रडारच्या अपुऱ्या माहितीवरून, तर्क बांधू नयेत. ह्या सूचनेचा आशय वरील विवेचनावरून स्पष्ट व्हावा. एक ठिपका म्हणजे अपुरी माहिती. दोन ठिपके म्हणजे अंदाज. अनेक ठिपके, स्थिर होकायंत्र आणि त्यांतून निघालेली रेषा म्हणजे ज्ञान. त्या ज्ञानातही सावधगिरी हवी, कारण फार मोठे जहाज अगदी जवळ असता त्याची दिशा बदलत असली तरी धोका टळलेला नसतो; जहाजाची लांबीच शेकडो मीटर असते.

वेळेचाही हिशेब येथे निर्णायक आहे. वीस नॉटने येणारे जहाज चार मैल बारा मिनिटांत कापते आणि पूर्ण वेगात असता त्याला थांबण्यासाठी मैलाहून अधिक अंतर लागते. यंत्रास तीन मिनिटे, तांडेलास विचारासाठी एक-दोन मिनिटे आणि नौकेस वळण्यासाठी आणखी काही मिनिटे लागणार. तेव्हा मागोवा घेण्यास जहाज आठ-दहा मैलांवर असतानाच आरंभ झाला पाहिजे. दिवे उघड्या डोळ्यांनी जवळ दिसू लागले की मगच पडद्याकडे वळणारा माणूस पाच-सहा मिनिटे आधीच गमावून बसतो.

त्याच नियमांत दृष्टी, श्रवण आणि उपलब्ध असलेली सर्व साधने ह्यांनी सतत पहारा ठेवण्याचे बंधन घातले आहे. साधनांच्या ह्या यादीत डोळे आणि कान प्रथम येतात, यंत्र नंतर. ज्या नौकेवर रडार नाही, त्या नौकेवरील खलाशीही होकायंत्रावरून समोरच्या दिव्याची दिशा दर दोन-तीन मिनिटांनी पाहू शकतो. दिशा बदलत नसेल आणि दिवा मोठा होत असेल, तर तांडेलास हाक मारू शकतो. पठारावरील प्रयोगशाळेत बनणारे गुंतागुंतीचे यंत्र आणि कोकणच्या नौकेवर रात्री जागणारा खलाशी, दोघेही एकच प्रश्न विचारीत असतात : तो मघाशी कोठे होता, आणि आता कोठे आहे? हा प्रश्न वेळेत आणि पुनःपुन्हा विचारला गेला, तर टक्कर टाळण्यास लागणारी मिनिटे बहुधा हाती राहतात.